आजीचे आयुष्य लिहून ठेवायचे आहे, पण तारखाच नाहीत

माणदेशची नात

नमस्कार. माझी आजी, वडिलांची आई, गेल्या पौषात गेली. वर्षश्राद्धाच्या आधी तिचे आयुष्य चाळीस-पन्नास पानांत लिहून घरातल्या सर्वांना द्यावे, असे मनात आहे. ती सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. माहेर आणि सासर यांत जेमतेम दोन कोसांचे अंतर. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते आणि जत्रेला व दिवाळीलाच घरी येत, त्यामुळे शेत, जनावरे, चार मुले आणि अंथरुणाला खिळलेली सासू हे सारे तिने एकटीने सांभाळले. ती शाळेत गेली नव्हती. आधारकार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे, तीही कोणीतरी अंदाजाने घातलेली.

लिहायला बसले की ‘आजी फार कष्टाळू आणि मायाळू होती’ याच्या पुढे वाक्य सरकत नाही, आणि असे तर कोणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल. माझी आजी रागावली की बोलत नसे; खराटा घेऊन झाडलेले अंगण पुन्हा झाडत असे, आणि तो आवाज ऐकूनच आम्ही मुले गप्प होत असू. असे तुकडे माझ्यापाशी पुष्कळ आहेत, पण त्यांना काळाचा आधार नाही. तो कुठे शोधावा आणि सुरुवात कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुने दप्तर

ताई, मी बरीच वर्षे तलाठी म्हणून काम केले, त्या अनुभवावरून सांगतो. जन्माची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात सापडण्याचा संभव आहे. जुनी पुस्तके बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. मात्र शोध माहेरच्या गावी आणि आजीच्या वडिलांच्या नावाने घ्या, कारण अनेक नोंदींत बाळाचे नाव नसते, बापाच्या नावापुढे नुसते ‘मुलगी’ असे लिहिलेले असते. नोंद मोडीत असल्यास वाचणारा माणूस बरोबर न्यावा.

दुसरे, माहेरच्या जमिनीचे फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी, पाहा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर बाप वारल्यावर मुलींची नावेही वारस म्हणून लागू लागली, आणि पुष्कळ ठिकाणी थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र होऊन ती कमीही झाली. आपल्या आजीच्या बाबतीत तसे घडले असेल, तर त्या कागदावर तिच्या हाताची एकमेव खूण, तिचा अंगठा, आपल्याला मिळेल. भावांवरच्या मायेची ती मोठी साक्ष ठरेल.

खडीवरची लेक

कागद अवश्य शोधावेत, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना तारीख विचारू नये, कारण तारीख विचारली की माणसे गप्प होतात. त्याऐवजी खूण विचारावी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा कोण पाळण्यात होते आणि कोण चालत होते? १९७२ च्या दुष्काळात आजी कोणत्या कामावर होती, खडी फोडायला की पाझर तलावावर? दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी घरी कोण आणत असे? मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीबद्दल ती काय म्हणे? माझ्या आईला स्वतःचे लग्नाचे साल सांगता येत नव्हते, पण खडीवर कोणाच्या शेजारी बसत असे, हे ती न अडखळता सांगे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आपले आजोबा तेव्हा परतले असतील, तर एवढी वर्षे एकटीने घर चालवलेल्या बाईच्या घरात नवरा कायमचा राहायला आला, याचा तिच्यावर काय परिणाम झाला, हे जरूर विचारावे. तो भाग बहुतेक घरांत कोणी सांगत नाही. मनिऑर्डरीच्या पावत्या जुन्या ट्रंकेत असल्या तर त्याही पाहाव्यात. मजकुराच्या चार ओळींत कधी कधी अख्ख्या वर्षाचा संसार असतो.

जात्याचा खुंटा

जुने दप्तर यांनी सांगितलेली वाट योग्य आहे, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. हक्कसोडपत्रावरचा अंगठा मायेने दिला, भिडेने दिला की माहेर तुटू नये म्हणून दिला, हे कागदावरून कळत नाही. म्हणून ‘आनंदाने हक्क सोडला’ असे वाक्य चौकशी केल्याशिवाय लिहू नये, अशी कळकळीची विनंती.

आजी दळताना ओव्या म्हणत असेल, तर त्या आठवतील तशा, बोलीत काहीही न सुधारता उतरवून घ्याव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदवले गेले. जे एरवी कोणाला सांगता येत नाही, ते बायका जात्यापाशी सांगत. आजीच्या बरोबरीची एखादी बाई गावात हयात असेल, तर आधी तिच्याकडे जावे, कारण कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत.

माणदेशची नात

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला महिना लागला. कोतवाल बुकात आजीच्या वडिलांच्या नावापुढे तीन ठिकाणी ‘मुलगी’ आहे, आणि त्यांतली आजी कोणती, हे अजून ठरलेले नाही. फेरफार मात्र मिळाला. साल १९७४, हक्कसोडपत्राचा उल्लेख आणि तिन्ही बहिणींची नावे कमी केल्याची नोंद.

थोरल्या आत्यांना मी साल सांगितले नाही, फक्त विचारले की आजी कधी कचेरीत गेली होती का. त्या म्हणाल्या, ‘सुकडी बंद झाली त्याच्या पुढच्या साली मामा न्यायला आला होता.’ आजी परतली तेव्हा मामाने दिलेले नवे लुगडे तिच्या हातात होते आणि बोटाची शाई तशीच होती. लुगडे तिने न उघडता फळीवर ठेवले. दिवेलागण होऊन गेली होती, त्या वेळी घरात कोणी केरसुणीलाही हात लावत नसे, तरी तिने खराटा घेतला आणि अंधारात सगळे अंगण झाडून काढले. आत्या उंबऱ्यात बसून होत्या, त्यांनी काही विचारले नाही.

पहिले पान मी त्या संध्याकाळचे लिहिले आहे.