लांब हंगामच खरा कस लावतो

दादा, बेसबॉलचा हंगाम उगाच लांबतो आणि फुटबॉलमध्येच प्रत्येक सामना जिवावरचा असतो, हे मला नाही पटत. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका संघाचे हंगामात १६२ सामने! आज हरलात तर उद्या पुन्हा मैदानात. २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सनी त्यातले ११६ जिंकले. नंतरच्या बाद फेरीतल्या मोजक्या सामन्यांनी मात्र घात केला, वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, हुकली. आपला गुकेशच बघा ना. २०२४ च्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे बुद्धिबळाच्या जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, सातव्या फेरीत फिरूझाकडून हरला, तरी १४ फेऱ्यांअंती ९ गुणांसह पहिला आला. सावरायला वाव होता म्हणून! नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, तो थरार मान्यच. पण रविवारी तलावपाळीला पट मांडाल तेव्हा एका डावावर निकाल नको, पाच खेळू. पहिल्या डावात काळी मोहरी माझी.