फ्रेमवर्क घेतलं की एसक्यूएल इंजेक्शन विसरा?

खिडकीवाला: काल इथे एकाने लिहिलं की चांगलं फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा) घ्या आणि इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला चोरटे हुकूम घुसवणं) विसरा, ते फक्त आळशी लोकांच्या कोडमध्ये होतं. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. ड्रुपल ७ (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), ऑक्टोबर २०१४. भोक कुठे होतं? इंजेक्शन अडवायला जो डेटाबेस लेयर लिहिला होता त्याच्यातच! क्वेरीला (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाला) ॲरे, म्हणजे यादी, दिला की प्लेसहोल्डरची (व्हॅल्यूसाठी राखलेल्या जागांची) नावं ॲरेच्या 'की'वरून (key, यादीतल्या नोंदीचं नाव) बनायची, आणि लॉगिन फॉर्ममधून 'की' काय पाठवायची हे समोरच्याच्या हातात. व्हॅल्यू नीट बांधल्या, पण 'की' मोकाट सोडल्या. लॉगिन न करता ॲडमिन होता येत होतं. यात आळशी कोण?

पुणे३८: ते मीच लिहिलंय. एक केस धरून किती ताणणार? स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडून क्वेरी लिहिणाऱ्यांच्या साइट रोज पडतात. इथे एका ओळीची दुरुस्ती होती, ड्रुपल ७.३२ आलं, ज्यांनी टाकलं ते वाचले.

जुनापीएचपी: वाचले?? १५ ऑक्टोबरला आपल्याकडे विधानसभेचं मतदान, ऑफिसला सुट्टी, अपडेट आलं रात्री साडेनऊला. २९ तारखेला ड्रुपलवाल्यांनीच सांगितलं, सात तासांत पॅच केलं (दुरुस्ती टाकली) नसेल तर साइट गेली असंच धरा. म्हणजे पहाटे साडेचार! मी सकाळी दहाला केलं आणि निवांत झालो. दिवाळीनंतर मेन्यू राउटरच्या टेबलात (कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालवायचा याची यादी) एक ओळ सापडली जी आमच्यापैकी कोणीच टाकली नव्हती. अपडेटने भोक बुजतं, आत शिरलेला बाहेर जात नाही. बॅकअप १५च्या आधीचा हवा, होस्टकडे सातच दिवसांचे. अख्खी साइट परत उभी केली, पैसे शून्य, कारण क्लायंटने एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेतलीच नव्हती. "साइट चालू आहे ना, मग दरवर्षी कशाचे द्यायचे?"

मीरा_ठाणे: क्लायंटच्या नावाने बोटं मोडणं बंद करा आता. मी एका शाळेचं काम बघते. आमच्या वेंडरने कोटेशनमध्ये लाइफटाइम सपोर्ट लिहिला होता, साइट हॅक झाल्यावर तीन आठवडे फोन उचलला नाही, पासवर्डसुद्धा त्याच्याकडेच.

जुनापीएचपी: तसले असतात, मान्य. पण सगळ्यात कमी आकडा बघून तुम्हीच निवडलं ना त्याला?

मीरा_ठाणे: कमिटीने निवडलं. बोलणी मी खाल्ली. आणि अपडेट म्हणजे काय, ते वेळेत नाही केलं तर काय जातं, हे सही घेताना एकाही वेंडरने आम्हाला सांगितलेलं नाही. एकानेही!

पुणे३८: एएमसीसाठी वेगळा धागा काढा राव. "विसरा" हा शब्द चुकला, घेतो मागे. पण हाताने क्वेरी जोडा असं कोणी म्हणू नका, ज्युनिअर मुलं वाचतात इथे.

खिडकीवाला: तसं कोणी म्हटलेलंच नाही. त्याच मुलांसाठी सांगतो, हा बग नोव्हेंबर २०१३ पासून ड्रुपलच्या सार्वजनिक इश्यू यादीत (बगच्या नोंदींच्या यादीत) पडून होता. सगळ्यांना दिसत होता, सुरक्षेचा प्रश्न म्हणून त्याच्याकडे जवळजवळ वर्षभर कोणी पाहिलं नाही.

मीरा_ठाणे: आणि तुमच्या सात तासांच्या नियमात शाळेची साइट कशी बसवायची तेही सांगा. आमच्याकडे त्या खर्चाला सही मिळायलाच सात दिवस लागतात.