मदत हवी आहे: पिशवीच्या अस्तराला सूज निघालीय, इंट्रालिपिडची सलाईन घ्यावी का?

खानापूरची_लेक
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, उपचार बेळगावात चालू आहेत. लग्नाला बरीच वर्षं झाली. एकदा दिवस राहिले होते, पण आठव्या आठवड्यात ठोके थांबले आणि पिशवी साफ करावी लागली. पुढे काही राहीना म्हणून आयव्हीएफकडे वळलो. गर्भ चांगल्या प्रतीचे होते म्हणतात, तरी एकही रुजला नाही.

आता दुर्बिणीतून बघितलं तर अस्तर लाल दिसलं, त्यावर बारीक बारीक उंचवटे. तुकडा तपासला, रिपोर्टात 'क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, सीडी १३८ पॉझिटिव्ह' असं आहे. मला ना ताप, ना पोटात दुखणं, अंगावरूनही जात नाही. पाळी तेवढी कमी झालीय, दीड दिवसात संपते.

डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक १४ दिवस दिलंय, ते पटलं. पण त्यासोबत रक्तातल्या एनके पेशींची तपासणी, इंट्रालिपिडची सलाईन आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही सांगितल्यात. 'तुमचं शरीरच गर्भाला परकं समजून मारतंय' असं म्हणाले. बोलणं कन्नड-इंग्रजीत, तेही भरभर. माझं कन्नड बाजारहाटापुरतं, हे रिपोर्ट वाचतात पण त्यांनाही सगळं कळंना झालंय. खर्च बराच आहे. घरात सासूबाईंचा वेगळाच प्रश्न, हा संसर्ग आला कुणाकडून? जाणकारांनी सांगा, यातलं गरजेचं काय?

शहापूरकर
ताई, रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्या. प्रतिकारशक्ती वाढली की सगळं जागेवर येतं.

खानापूरची_लेक
काका, डॉक्टर ती कमी करायला सांगतायत आणि तुम्ही वाढवायला. मी मधल्या मधे!

निवृत्त_मास्तर_टिळकवाडी
मी जीवशास्त्र शिकवायचो, डॉक्टर नव्हे, तेवढं लक्षात ठेवून वाचा. गर्भात निम्मा अंश बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका, तरी तो टिकतो कसा, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. 'शरीर गर्भाला मारतं' ही भाषा बहुधा त्याच प्रश्नातून आलेली. गर्भाशयात घडतं ते मात्र बरंच वेगळं. गर्भ रुजताना अस्तरात थोडा दाह लागतोच. तो अजिबात नसेल तर रुजणं अवघड. नंतर नियामक टी पेशी त्याला आवर घालतात आणि गर्भ सांभाळला जातो.

एनके पेशींना 'नैसर्गिक मारेकरी' म्हणतात, त्या नावानेच माणूस घाबरतो. पण पहिल्या तिमाहीत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात, आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. रक्तातल्या एनके पेशी वेगळ्या स्वभावाच्या. दंडातून रक्त काढून गर्भाशयात काय चाललंय ते सांगता येत नाही. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या एश्रे या संस्थेने २०२३ मध्ये आयव्हीएफच्या जोड-उपचारांबद्दल शिफारशी दिल्या, त्यात ही तपासणी आणि इंट्रालिपिड दोन्ही सरसकट वापरू नयेत असंच म्हटलंय. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेल आणि अंड्यातले स्निग्ध पदार्थ. ज्यांना तोंडाने खाता येत नाही त्यांना शिरेतून पोषण द्यायला करतात. सोया-अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

तुमच्या रिपोर्टातलं 'सीडी १३८ पॉझिटिव्ह' म्हणजे अस्तरात प्लाझ्मा पेशी, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, सापडल्या. त्यांचं प्रकरण निराळं. त्या अस्तरात एरवी क्वचितच दिसतात. दिसल्या तर आत जुना, मंद दाह चालू आहे, बहुतेकदा जंतूंमुळे. सीडी १३८ हा त्या ओळखायचा रंग. किती दिसल्या तर आजार म्हणायचा यावर मात्र एकमत नाही, म्हणून रिपोर्टात आकडा आहे का ते विचारा.

मिरजची_सिस्टर
मला त्या दीड दिवसाच्या पाळीने थांबवलं. ताई, घरात कुणाला टीबी झाला होता का?

खानापूरची_लेक
सासूबाईंना, मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. औषधं पूर्ण झाली त्यांची. याचा काय संबंध?

मिरजची_सिस्टर
आहे ना. पाळी कमी व्हायला पिशवी साफ करताना आत चिकटलेलं असणं हेही कारण असू शकतं, दुर्बिणीत ते दिसलं असतं, तेवढं विचारून घ्या. पण टीबी गर्भनलिकांत शिरतो, तिथून अस्तरात उतरतो, बाहेरून काही कळत नाही. आपल्याकडे मूल न होण्याचं हे मोठं कारण आहे. आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, ते प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणजे दडून बसलेला टीबी उसळू शकतो. सलाईनने पैसे जातील, पण स्टिरॉइड टीबी नाही हे ठरल्याशिवाय घेऊ नका, माझं तर ठाम म्हणणं आहे. डॉक्टरांना घरातल्या टीबीबद्दल सांगितलंय का?

निपाणीचा_लॅबवाला
सिस्टरांच्या बोलण्यात भर घालतो. तुकडा कशात पाठवला होता ते विचारा. फॉर्मलीनमध्ये असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली टीबीच्या बारीक गाठी दिसतील, पण जंतू वाढवून बघता येत नाहीत, कारण फॉर्मलीनमध्ये ते मरतात. त्यासाठी तुकड्याचा एक भाग साध्या सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, वेगळा पाठवावा लागतो. पुन्हा तुकडा काढणार असतील तर हे आधी ठरवून घ्या, एकाच वेळी दोन्ही होतं. आणखी एक, पीसीआर म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी, नुसत्या तिच्या पॉझिटिव्हवर टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू नका. मेलेल्या जंतूंनीही ती पॉझिटिव्ह येते. सरकारी क्षयरोग केंद्रात तपासणी आणि औषध मोफत, कर्नाटक असो की महाराष्ट्र.

मिरजची_सिस्टर
सासूबाईंना सांगा, असल्या सुजेत सापडतात ते बहुतेक ई. कोलाय, स्ट्रेप्टोकोकस असले रोजचे जंतू. ते शरीरात असतातच. पिशवी साफ केल्यानंतर काही अंश आत राहिला तरी सूज धरते. कुणाच्या चारित्र्याशी याची गाठ मारायची गरज नाही.

गर्भपाताच्या बाबतीत प्रतिकारशक्तीची एक तपासणी खरोखर उपयोगाची आहे, अँटिफॉस्फोलिपिडची, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या प्रतिपिंडांची. ती वारंवार गर्भपात झालेल्यांना सांगतात, आणि पॉझिटिव्ह आली तरी १२ आठवड्यांनी पुन्हा करून मगच निदान करतात. तुमचा एकच झालाय, डॉक्टरांना विचारून ठरवा.

खानापूरची_लेक
टीबीचं त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंच नाही. सोमवारी यांना घेऊन जाते, कन्नड चांगलं येणारी मावसजाऊही येते म्हणाली. स्टिरॉइड तोवर नाही. डॉक्सी चालू ठेवू ना?

निपाणीचा_लॅबवाला
ते डॉक्टरांनी दिलंय, पूर्ण करा. गोळी दुधाबरोबर नको, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं पडू नका, घशाखाली जळजळतं. उन्हात जाताना डोक्यावर पदर. या काळात दिवस राहू देऊ नका. संपल्यावर पुन्हा तुकडा तपासून सूज गेली का ते बघितल्याशिवाय पुढचा गर्भ ठेवायची घाई नको.