मदत हवी आहे: लायब्ररीतल्या अर्धवट खासगी फंक्शन्सना काय नियम लावता?

नमस्कार मंडळी, पायथन लायब्ररी सांभाळणाऱ्यांचा सल्ला हवाय. आमच्या टीमची सेन्सरच्या फायली वाचायची एक लायब्ररी आहे, इतर टीमही वापरतात. त्यातली काही फंक्शन्स अंडरस्कोरने सुरू होतात, म्हणजे रीतीने खासगी, पण बफर (मेमरीतला कच्चा डेटा) थेट मिळवायला दुसरा रस्ताच नाही म्हणून लोक सर्रास तीच कॉल करतात. आता आतली रचना बदलायचीय. अंडरस्कोर होता ना, मग आमची जबाबदारी नाही, असं म्हणून हात वर करणं मला पटत नाही, सरळ रस्ता आपणच दिला नाही म्हणून ते तिथे गेलेत.

सीपायथनमध्ये (पायथनची सी भाषेत लिहिलेली मुख्य आवृत्ती) यावर जे केलंय ते मला फार आवडलं. पायथन ३.१२ पासून सी एपीआयमध्ये (सी कोडमधून पायथनच्या आत पोचायची फंक्शन्स) अनस्टेबल, म्हणजे अस्थिर, असा वेगळा थर आहे (पेप ६८९, पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव), नावाच्या सुरुवातीलाच पायअनस्टेबल लागतं. ३.१२ वरून ३.१३ ला जाताना असं फंक्शन डेप्रिकेशनची (हे आता वापरू नका, पुढे जाणार आहे अशी) सूचना न देताही बदलू शकतं, पण ३.१२.१ वरून ३.१२.२ ला जाताना नाही. डीबगर, प्रोफायलर लिहिणाऱ्यांना एवढं पुरतं, वर्षातून एकदा कोड तपासायला त्यांची ना नसते, मधेच बिल्ड तुटायला नको. आणि कोड ऑब्जेक्टला (कंपाइल झालेला पायथन कोड ठेवणारा ऑब्जेक्ट) जादा डेटा जोडायची जी अंडरस्कोरवाली फंक्शन्स या थरात आणली त्यांची जुनी नावंही चालू ठेवलीत.

आम्हीही अनस्टेबल नावाचं वेगळं मॉड्यूल काढायचं म्हणतोय. पण अडतंय ते जुन्या नावांपाशी. त्यांवर डेप्रिकेशनवॉर्निंग टाकली तर ३.७ पासून ती डीफॉल्टने फक्त मेन स्क्रिप्टमधल्या (थेट चालवलेल्या फायलीतल्या) कोडसाठी दिसते, आणि आमचे बहुतेक कॉल मधल्या कुठल्यातरी पॅकेजमधून येतात, म्हणजे टेस्ट चालवणारे सोडले तर कोणालाच कळणार नाही. फ्यूचरवॉर्निंग सगळ्यांना दिसते, पण ती शेवटच्या युजरसाठी असते, त्या बिचाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तुम्ही यातलं काय वापरता?

अजून एक, एसिंकआयओ (पायथनचं असिंक्रोनस कोडचं मॉड्यूल) ३.४ मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, म्हणून आलं आणि ३.६ मध्ये कायमचं झालं. तुमच्याकडे प्रायोगिक फंक्शन कायम करायचं की काढून टाकायचं हे कधी आणि कोण ठरवतं? मुदत आधीच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवता का? प्रत्यक्ष केलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा, पुढच्या रिलीजच्या आत हे पक्कं करायचंय.