अनुभव धागा : तुमच्या लहानपणीचा महाकाय रोबो

मागच्या महिन्यात जुनी ट्रंक उपसताना कंपासपेटी हाती लागली. झाकणावर अर्धवट खरवडलेलं स्टिकर. काळं अंग, पिवळी शिंगं. ग्रेन्डायझर! आम्ही शारजात वाढलो. अरबी ओ की ठो कळत नसे, तरी संध्याकाळी शीर्षकगीत सुरू झालं की गल्लीतला क्रिकेटचा डाव आपोआप मोडायचा. ज्याची बॅट तोच आधी पळायचा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गो नागाई यांच्या कल्पनेतून आलेली, तोएई ॲनिमेशनची ही जपानी मालिका. ऑक्टोबर १९७५ ते फेब्रुवारी १९७७, एकूण ७४ भाग. वेगा नावाच्या परग्रही साम्राज्याचं सैन्य फ्लीड ग्रह बेचिराख करतं, तिथला राजपुत्र रोबो घेऊन पृथ्वीवर येतो आणि दाइसुके या नावाने एका कुरणावर घोडे सांभाळत राहतो. जपानबाहेर अरब देश, फ्रान्स आणि इटली यांनी तिला डोक्यावर घेतलं.

तर तुमचा रोबो कोणता? कुठे पाहिलात, कोणाबरोबर? गोष्ट आठवत नसेल तरी लिहा. मलाही निम्मी आठवत नाही.

* * *

आम्ही कुवेतला, सालमियात. वरच्या मजल्यावर पॅलेस्टिनी कुटुंब होतं, रंगीत टीव्ही त्यांच्याकडे. त्यांची मोठी मुलगी आम्हा पोरांना अरबी संवाद मोडक्या इंग्रजीत सांगायची आणि कंटाळा आला की मनाचं काहीही ठोकून द्यायची. मी पाहिलेली मालिका आणि खरी मालिका यांत बराच फरक आहे, हे मला चाळिशीत कळलं. तिच्या गोष्टीत दाइसुकेला सारखी भूक लागायची. बहुधा तेव्हा तिच्या आईची खुबूस, म्हणजे अरबी रोटी, भाजण्याची वेळ झालेली असायची.

मग २ ऑगस्ट १९९० उजाडला आणि इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. मी नऊ वर्षांचा. काही आठवड्यांनी बसने बसरा, बगदाद, पुढे अम्मान, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. लाखाहून जास्त भारतीय असे परत आले. प्रत्येकी एकच बॅग घ्यायची असं ठरलं होतं. मूठ उडवणारा माझा प्लास्टिकचा ग्रेन्डायझर कपाटातच राहिला. चिपळूणला आजोळी शाळेत घातलं, तिथे पोरं मला नावाने नाही, ‘ए कुवेत’ अशी हाक मारत.

मालिकेतल्या लढाया मला आठवत नाहीत. दाइसुके कुरणावर काम करता करता थांबतो आणि आकाशाकडे बघतो, एवढंच आठवतं. बाबाही त्या वर्षी रोज संध्याकाळी अंगणात रेडिओ कानाला लावून बसायचे. आजी जेवायला हाका मारून थकायची.

* * *

मी जहाजावर थर्ड इंजिनियर होतो, क्रू बहुतेक फिलिपिनो. शनिवारी मेसमध्ये कॅरिओके. एका रात्री बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, एक जपानी गाणं लावलं आणि कुकपासून ऑइलरपर्यंत सगळे उभे राहून गायला लागले. जपानी कोणालाच येत नव्हतं, पण एक शब्द चुकला नाही. गाणं ‘व्होल्टेस फाइव्ह’चं. पाच यानं जोडून होणारा रोबो. १९७९ मध्ये फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस याच्या सरकारने ही मालिका बंद केली, तेव्हा शेवटचे चारच भाग उरले होते. हिंसाचाराचं कारण पुढे केलं गेलं, पण मालिकेत जुलमी राजवटीविरुद्ध बंड होतं म्हणून बंदी आली असं आमचा अख्खा क्रू मानायचा.

बोसन तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. १९८६ मध्ये मार्कोस पळाला तेव्हा याला मिसरूड फुटलेलं. तो म्हणायचा, “त्याने देश खाल्ला तो खाल्लाच, वर माझे चार भागही खाल्ले.” नंतर त्याने शेवट पाहिला. कसा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाला, “उशिरा.”

* * *

माझा नवरा फ्रेंच. तिकडे ग्रेन्डायझरचं नाव गोल्डोराक. जुलै १९७८ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ‘पारी माच’ या फ्रेंच साप्ताहिकाने या वेडावर मुखपृष्ठ केलं. आमच्या घरी अजून वाद चालतो तो खुर्चीचा. यानातून रोबोच्या डोक्यात जाताना नायकाची खुर्ची अर्धी वळते आणि पुढे परत अर्धी वळते. मग वळली कशाला? नवरा आणि दीर ख्रिसमसच्या जेवणात यावर तासभर बोलू शकतात. सासूबाई तेवढ्या वेळात भांडी घासून घेतात.

खरं सांगायचं तर मला मालिका रटाळ वाटली. तीच तीच रूपांतराची दृश्यं दर भागात. आमच्या लेकीने दुसऱ्याच भागाला विचारलं, “आई, हे फॉरवर्ड होतं का?” नवरा दिवसभर घुश्श्यात.

* * *

रियाधला नोकरीत असताना २०२२ मध्ये तिथे ग्रेन्डायझरचा ३३.७ मीटर उंच धातूचा पुतळा उभा राहिला, गिनीजमध्ये नोंदही झाली. गोष्टीतला रोबो ३० मीटरचाच, म्हणजे पुतळा खऱ्यापेक्षा मोठा! माझा बैरुतचा सहकारी, पन्नाशीचा, एरवी एक्सेल सोडून कशावर बोलत नसे. तिथे उभा राहून लेबनीज गायक सामी क्लार्कचं ते अरबी शीर्षकगीत पूर्ण गायला. लेबनॉनच्या यादवीत वीज जायची तेव्हा वडील गाडीची बॅटरी काढून टीव्हीला जोडायचे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाडी ढकलावी लागायची.

* * *

हे ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, नाही, माणसंच रोबोचा पोशाख घालायची, पण चालवून घ्या. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबो’ लागायचा. जॉनी सोको नावाचा पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलून त्याला हुकूम द्यायचा. मी काकांच्या बंद पडलेल्या एचएमटीत बोलून सबंध वाडा शत्रूपासून वाचवला आहे.

शेवटच्या भागात रोबो पहिल्यांदाच जॉनीचं ऐकत नाही. शत्रूंचा सम्राट गिलोटिन याला मिठी मारून आकाशात जातो आणि उल्केवर आदळतो. जॉनी ‘परत ये’ म्हणून ओरडत राहतो. त्या रात्री मला घास गिळेना. आईला वाटलं पोट बिघडलं, तिने ओवा चावायला दिला. खरं कारण मी तिला अजून सांगितलेलं नाही.