अनुभव धागा: रग्बी लीगमधला तुमचा न विसरता येणारा क्षण

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियातलं सिडनी, टाउन्सव्हिल, इंग्लंडमधलं लीड्स अशा गावी स्थायिक झालेली आपली बरीच माणसं क्रिकेटइतक्याच जीव तोडून रग्बी लीग बघतात, पण मराठीत त्यावर फारसं लिहिलं जात नाही. म्हणून हा धागा काढतोय. आपल्या संघाचा मनात घर करून बसलेला क्षण इथे लिहा. सामना जिंकलेलाच हवा असं अजिबात नाही.

नवख्यांसाठी: तेरा-तेरा खेळाडू, पास फक्त मागे द्यायचा, सहा टॅकलच्या (चेंडूवाल्याला धरून पाडण्याच्या) आत काही जमलं नाही तर चेंडू समोरच्यांना. ट्रायला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याला 4 गुण, त्यानंतरच्या किकला 2, चालू खेळातल्या ड्रॉप गोलला (चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारण्याला) सहसा 1. ज्याने कबड्डी खेळलीय त्याला ही धरपकड पहिल्याच दिवशी आपली वाटते.

सुरुवात मी करतो. मी सिडनीच्या पॅरामॅटा ईल्सचा. आमचं शेवटचं विजेतेपद 1986 चं, कॅन्टरबरीविरुद्ध 4-2, दोन्ही बाजूंनी एकही ट्राय नाही. 2009 ला फायनल गाठली, मेलबर्न स्टॉर्मकडून 23-16 हरलो. पुढच्या वर्षी, खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा मोडली म्हणून स्टॉर्मचं ते विजेतेपद काढून घेतलं, पण आम्हाला काही मिळालं नाही. ती जागा कोरीच आहे.

माझा क्षण मात्र साखळीतल्या एका साध्या सामन्याचा. जुनं मैदान 2017 मध्ये पाडलं. घर नसलेल्या संघासारखे आम्ही दुसरीकडे खेळत होतो, आणि 2018 ला तर तळाला गेलो. 22 एप्रिल 2019, ईस्टरचा सोमवार, नव्या मैदानावर पहिला सामना वेस्ट्स टायगर्सशी. चर्च स्ट्रीटवरून निळ्या-पिवळ्या जर्सींचा लोंढा चाललेला. नवे स्टँड इतके उभे चढाचे की खांदा छातीवर आदळल्याचा आवाज वरच्या रांगेत ऐकू येतो. 51-6 जिंकलो! शेजारचे आजोबा प्रत्येक ट्रायला माझा हात दाबायचे. आमची ओळखदेख काहीच नव्हती.

टाउन्सव्हिलकर
दादा, धाग्याबद्दल आभार. आमचा क्षण जगाला ठाऊक आहे, तरी लिहितोच.

4 ऑक्टोबर 2015, नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज विरुद्ध ब्रिस्बेन ब्रॉन्कोज. आम्ही 1995 पासून खेळतोय, तोवर एकही विजेतेपद नाही. ब्रिस्बेन म्हणजे क्वीन्सलंड राज्याची राजधानी, आमच्यापासून तेराशे किलोमीटर. सगळं मोठं तिकडेच होतं, ही इथली जुनी सल. शेवटच्या चालीपर्यंत 16-12 मागे. मायकल मॉर्गनने बचावपटू अंगावर घेतले, पडता पडता चेंडू काइल फेल्टकडे सोडला, त्याने कोपऱ्यात टेकवला आणि भोंगा वाजला. 16-16. आता आमच्या जॉनथन थर्स्टनची किक, तीही पार कडेवरून. चेंडू छान वळत आला आणि खांबावर टण्णकन आपटला. आमच्या हॉलमध्ये हॉस्पिटलचा अर्धा स्टाफ जमला होता, कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

मग जादा वेळ. ब्रॉन्कोजच्या बेन हंटच्या हातून पहिलाच चेंडू सुटला, आणि थोड्याच वेळात थर्स्टनचा ड्रॉप गोल. 17-16.

पण मला त्याहून घट्ट आठवतं ते नंतरचं. थर्स्टन मैदानावर बसलाय, मांडीवर छोटी लेक, आणि तिच्या हातात सावळ्या रंगाची बाहुली. तो आदिवासी समाजाचा, हे इथे सगळ्यांना माहीत. माझी मुलगी तेव्हा त्याच वयाची होती. त्या बाहुलीकडे तिने बोट दाखवलं, ते मी विसरणार नाही.

वाचक
सुरेख! बरोबरी झाल्यावर पेनल्टी वगैरे नसतात का?

टाउन्सव्हिलकर
नाही. तेव्हाच्या नियमाने जादा वेळात जो पहिला गुण घेईल तो जिंकला. त्याला गोल्डन पॉइंट म्हणतात.

यॉर्कशायरची सून
काउबॉइजवाल्यांनो, तुम्ही 2016 ला हेडिंग्लेवर येऊन आम्हाला 38-4 ने लोळवलंत ते आठवतंय हं!

मी लीड्स ऱ्हायनोजची. इथे आले ती क्रिकेटचं हेडिंग्ले डोक्यात घेऊन. 2002 ला द्रविड, सचिन, गांगुली तिघांनी शतकं ठोकली ते मैदान. त्याच्या पाठीला पाठ लावून रग्बीचं मैदान आहे, मधला स्टँड दोघांचा मिळून, हे आल्यावर कळलं. सासऱ्यांनी तिकडे नेलं आणि मी तिथलीच झाले.

रॉब बरो. उंची साडेपाच फुटांच्याही आत. इंग्लंडच्या सुपर लीगची 2011 ची फायनल, समोर सेंट हेलन्स. हा एका धिप्पाड खेळाडूच्या हाताखालून वाकून निसटला, मग जे पळाला ते अर्धं मैदान कापून थेट ट्राय. सासरे खुर्चीवर उभे! आम्ही पाचव्या क्रमांकावरून येऊन 32-16 जिंकलो.

डिसेंबर 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. मे 2023 मध्ये त्याच्या नावाची मॅरेथॉन झाली. त्याचा कर्णधार केव्हिन सिनफिल्डने त्याला व्हीलचेअरवरून सगळं अंतर ढकलत नेलं, शेवटच्या रेषेपाशी उचलून घेतलं आणि दोघे मिळून पलीकडे गेले. रॉब जून 2024 मध्ये गेला. त्याने मिळवलेल्या आठ विजेतेपदांपेक्षा मला ती रेषा मोठी वाटते.

रेडफर्नवाला
साउथ सिडनी. 1999 नंतर स्पर्धेतूनच काढून टाकलं होतं आम्हाला. लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, कोर्टात लढले, 2002 ला परत आलो. 2014 ची फायनल: सॅम बर्जेसच्या गालाचं हाड पहिल्याच टॅकलला मोडलं, तरी पठ्ठ्या ऐंशी मिनिटं खेळला. बुलडॉग्जविरुद्ध 30-6, 43 वर्षांनी विजेतेपद. त्या रात्री रेडफर्नमध्ये कुणी झोपलं नाही.

धागाकर्ता
ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. 2016 च्या क्रोनुलाचं कुणी आहे का इथे? पहिल्या विजेतेपदासाठी 1967 पासून थांबलेली माणसं ती, तुमचं ऐकायचंय. न्यूकॅसलकरांनो, तुम्हीही तुमच्या 1997 च्या विजेतेपदावर लिहाच.