मदत हवी आहे: जुनी लाकडी होडी घ्यावी का? उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय

खारवारा:
नमस्कार. एक जुनी लाकडी होडी विकायला आहे. मालक ५५ हजार म्हणतो. वरून रंग बरा आहे, दोन-तीन फळ्या सुटल्यात, इंजिनही आहे. डागडुजी करून वापरायचा विचार आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही तर तो दुसऱ्याला देणार. घ्यावी का? कृपया लवकर सांगा. नेटवर बघितलं तर सगळं फायबरच्या बोटींचंच आहे.

रंधा_करवत:
कुठे आहे? किती फुटी? लाकूड कुठलं? पाण्यात आहे की काठावर ओढलेली? किती वर्षं बंद आहे? एवढं तरी लिहा, नाहीतर काय सांगणार?

मावळतीचा_वारा:
फायबर घ्या. लाकडाच्या नादी लागू नका. आमच्या वाडीत वीस वर्षांपूर्वी सगळ्या लाकडी होड्या होत्या, आता शोधून एक सापडत नाही. लोक वेडे नाहीत. दरवर्षी पावसाआधी ओढा, शाकारा, सुकवा, गणपतीआधी परत फटी भरा, तेल द्या. एवढे हात घरात कुठे राहिलेत?

खारवारा:
२८ फुटी. साग आहे असं मालक म्हणतो. विजयदुर्गच्या आतल्या अंगाला, वाघोटन खाडीत. चार वर्षं बंद. नाळ, म्हणजे पुढचं टोक, काठावर आणि मागची बाजू चिखलात आहे. मी पुण्यात असतो, आत्ता चार दिवस सुट्टी काढून गावी आलोय. होडी ओळखीचीच आहे. फक्त घ्यावी की नाही एवढंच सांगा.

डिझेल_मामा:
इंजिनाचं कुणी विचारलंच नाही! चार वर्षं बंद म्हणजे आधी पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर पिस्टन धरलाय. फिरलं तर तेल बदला, नोझल काढून साफ करा. पंख्याचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं ग्लँड पॅकिंग शंभर टक्के गेलेलं असणार. कूलिंगला खारं पाणी असेल तर आतली जाकिटं गंजून भरलेली असतात. माझा सल्ला, इंजिन आधी बाहेर काढा आणि नवीन दोन सिलेंडरचं बसवा.

रंधा_करवत:
मामा, होडी राहिली तर इंजिन. आधी बुडाचं बोलू.

खारवारा, वरचा रंग बघून काहीही ठरवू नका. लाकडी होडी मरते ती खाली. तळातलं मुख्य लाकूड, ज्याला आमच्याकडे पठाण म्हणतात, ते आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या पहिल्या दोन-दोन फळ्या. खाऱ्या पाण्यात टेरेडो नावाचा किडा असतो. किडा म्हणतात, पण जात शिंपल्याची. लाकडात शिरतो ते भोक टाचणीच्या डोक्याएवढं, आणि आत गेला की तिथेच वाढत लाकूड पोखरत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. पेचकस घेऊन जा, पठाणावर वीतभर अंतराने टोचत जा. आणि लाकडी हातोडीने ठोकून ऐका. चांगलं लाकूड टणक वाजतं, गेलेलं भद्द वाजतं.

दुसरी जागा म्हणजे खिळे. लोखंडी खिळा गंजला की भोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं. वाकांवर, म्हणजे आतल्या बरगड्यांवर, काळे डाग किती ते मोजा.

खाडीकाठची_सुमन:
आणि आत पावसाचं पाणी साचलंय का ते बघा. माझे सासरे सांगायचे, होडीला खारं पाणी चालतं, गोडं पाणी कुजवतं. चार पावसाळे उघड्यावर काढले असतील तर नाळेजवळच्या कोपऱ्यात हात घालून बघा.

मावळतीचा_वारा:
एवढं सगळं करण्यापेक्षा जुन्या लाकडावर बाहेरून फायबरचा थर मारून घ्या. आमच्या ओळखीत एकाने केलंय. ना कीड, ना फटी.

रंधा_करवत:
हे कृपया कुणी करू नका. मी तीन होड्यांवरून असला थर सोलून काढलाय, म्हणून कळकळीने सांगतो. लाकूड ओलं झालं की फुगतं, सुकलं की आकसतं. वरचा थर हलत नाही, मग तो सुटतो. त्यात सागाला अंगचं तेल, फायबरची राळ नीट धरत नाही. आत शिरलेलं पाणी कोंडून राहतं आणि दोन वर्षांत आतल्या आत भुसा. तुमच्या ओळखीतल्या होडीला किती वर्षं झाली?

मावळतीचा_वारा:
दीड. पण नौदलाच्या शिडाच्या ‘म्हादेई’चं काय? तीही लाकूड आणि फायबरचीच ना? तिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

गोंयचो_तारवटी:
म्हादेई आमच्या गोव्यात दिवाडीला बांधली. पण ती नवीन कोरड्या लाकडावर, पहिल्या दिवसापासून तशीच बांधलेली. खाडीत चार वर्षं भिजलेल्या होडीशी तिची तुलना करू नका. आणि खिळ्यांचा त्रास नको असेल तर काथ्याने शिवलेलं तारू बघा. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेलं ‘कौंडिण्य’ २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलं आणि पोरबंदरहून मस्कतपर्यंत गेलं. एक खिळा नाही. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, होड्याही पूर्वी अशाच शिवायचे.

डिझेल_मामा:
शिवलेल्या होडीला इंजिनाचा हादरा सोसेल का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

खारवारा:
मंडळी, माझं काय? उद्या चार वाजता जाऊन बघणार आहे. पेचकस घेतो. फटी आजच एम-सीलने भरून ठेवू का, म्हणजे पाण्यात घालून बघता येईल?

रंधा_करवत:
नको! फटी भरायच्या त्या सुताची वात ठोकून आणि वर राळ-तेलाने. उन्हात सुकलेली होडी पाण्यात घातली की पहिले काही दिवस गळतेच, मग फळ्या फुगतात आणि फटी मिटतात. तिथे दगडासारखं काही भरलंत तर फुगायला जागा उरत नाही. फळ्या एकमेकींना रेटतात आणि खिळे उपसतात.

तिथीची_पाऊणपट:
उद्या चार वाजता जाऊन उपयोग काय? आज वद्य दशमी. उद्या एकादशी, तिथीच्या अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठला भरती आणि अडीचच्या आसपास ओहोटी. चारला पाणी परत चढायला लागलेलं असेल. त्यात भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, नुकते सरतायत, ओहोटीलाही पाणी फार मागे जात नाही. मागची बाजू तुम्हाला दिसणारच नाही आणि पठाणाचा रोग तिथेच असतो. अमावास्येपर्यंत थांबा. त्या दिवशी सव्वाअकराला भरती, साडेपाचच्या सुमाराला पूर्ण सुकती. तासभर तरी सगळं उघडं मिळेल आणि उजेडही असेल.

खारवारा:
मालक थांबत नाही. एका रिसॉर्टवाल्याला ती मधोमध कापून दारात उभी करायचीय, जेवणाच्या जागेच्या शोभेला. तो रोख देतोय.

खाडीकाठची_सुमन:
मालकाच्या हातात पाच हजार विसार ठेव आणि अमावास्येची मुदत माग. कागदावर लिहून घे, लाकूड खराब निघालं तर विसार परत. आणि नोंदणी कुणाच्या नावावर आहे? मासेमारीचा परवाना अजून जिवंत आहे का? तू मासेमारी करणार नाहीस तर कागद आधी नीट करून घे, नाहीतर पुढे बंदरावर अडवतील.

खेकडा_मसाला:
वाघोटन खाडीत चिंबोरी अजून तशीच मिळतात का? लहानपणी आत्याकडे गिर्येला जायचो. तिथे आरमाराची जुनी गोदी आहे, ती जरूर बघून या.

रंधा_करवत:
एक विचारायचं राहिलं. ‘ओळखीची’ म्हणजे काय? तिची आधीची दुरुस्ती कुणाला ठाऊक आहे का? कुठला भाग कधी बदलला, कुठे आपटली, कुणी बांधली? हे सांगणारा माणूस मिळाला तर अर्धी तपासणी तिथेच होते.

खारवारा:
बाबांना माहीत असेल. १९९८ ला ती बांधली तेव्हापासून अठरा वर्षं बाबा तिच्यावर खलाशी होते. होडी आमची कधीच नव्हती, नाखवा वेगळे. त्यांच्या मुलाने आताच्या मालकाला विकली. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. वाटलं, आधी घेऊ आणि मग दाखवू.

रंधा_करवत:
अरे भल्या माणसा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! आम्ही सगळे इथे अंधारात चाचपडतोय आणि होडीची अठरा वर्षं ज्यांच्या तळहातावर आहेत ते तुमच्या घरात बसलेत. त्यांना घेऊन जा. आमचं सगळं बाजूला ठेवा.

मावळतीचा_वारा:
वडिलांसाठी असेल तर माझा फायबरचा मुद्दा मागे घेतो. पण मन घट्ट करून जा. गेली असेल तर गेली म्हणा.

खारवारा *(सहा दिवसांनी):*
उशीर झाला, क्षमस्व. विसार दिला, मुदत मिळाली. सुट्टी वाढवून घेतली. काल अमावास्येला बाबांना घेऊन गेलो.

सव्वापाचला मागची बाजू पूर्ण उघडी पडली. बाबा आधी काही बोलले नाहीत. गुडघाभर चिखलात उतरले आणि नाळेपासून मागे तळहात फिरवत गेले. मी मागून पेचकस टोचत होतो. पहिली वीसेक फूट पेचकस नखभरही आत जाईना. शेवटच्या पाच फुटांत मात्र मुठीपर्यंत गेला. तुकडा उपसला तर आत बोटाएवढी भोकं, प्रत्येकाला आतून पांढरं चुन्यासारखं अस्तर. हातात घेतल्यावर पावासारखा दबला. माझे पाय गळाले.

बाबांनी तो तुकडा वास घेऊन बघितला आणि म्हणाले, “ह्यो मूळचो न्हय. ह्यो आमी मागसून घातलेलो. आंब्याचो.” २००७ ला आंबोळगडच्या बाजूला खडकावर मागून बसली होती. हंगाम तोंडावर होता, साग मिळेना, तेव्हा नाखव्यांनी आंब्याचा तुकडा तिरका सांधा देऊन बसवून घेतला होता, पुढच्या वर्षी बदलू म्हणून. तो राहूनच गेला. बाबांनी चिखल पुसून सांधा दाखवला. सांध्याच्या पुढचा साग तसाच आहे. कीड सांध्यावर दोनेक इंच पुढे सरकलीय, तिथे साग थोडा खाल्लाय, मग थांबलीय.

बाकी: डाव्या अंगाची खालची एक फळी गेलीय. चौदापैकी चार वाक खिळ्यांपाशी काळे. सुमनताई, नाळेच्या कोपऱ्यात खरंच पाणी होतं, पण लाकूड टणक आहे. इंजिन फिरत नाही. नोंदणी अजून जुन्या नाखव्यांच्याच नावावर आहे, त्यांचा मुलगा सही द्यायला तयार आहे.

मालकाला तुकडा दाखवला. ३८ हजारांवर आला. इंजिन तोच काढून घेणार.

रंधा_करवत:
घ्या. सांधा आहे म्हणजे तिथूनच कापून सागाचा नवा तुकडा बसवता येतो. फक्त कापताना कीड संपते तिथून अजून फूटभर पुढे जा. साग विकत घेताना वनविभागाचा वाहतूक पास मागा, पासाशिवाय टेम्पोत घालू नका. काम पावसाआधी उरकणार नाही, घाई करू नका.

तिथीची_पाऊणपट:
वर काढायची तर आता उधाण आहे तोवर, दोन-तीन दिवसांत. नाहीतर पुन्हा पौर्णिमेची वाट बघा. भरतीला नुसती बुडावर तरंगवू नका, त्या बुडावर भरवसा नाही. खाली रिकामे पिंप बांधा.

डिझेल_मामा:
इंजिन जातंय ते बरंच झालं. शिडावर चालवणार का? डोलकाठीला उंडीचं लाकूड बघा.

खारवारा:
विसाराचे पाच हजार धरून पैसे आज दिले. बाबा सकाळपासून पिंप गोळा करत फिरतायत. पाच मिळाले, अजून तीन हवेत. विजयदुर्ग-गिर्ये भागात कुणाकडे दोनशे लिटरचे रिकामे पिंप दोन दिवसांसाठी मिळतील का? आणि शाकारायला माडाची झावळं बरी की ताडपत्री? बाबा झावळं म्हणतायत.

खाडीकाठची_सुमन:
झावळं. ताडपत्रीखाली होडी घामेजते. पिंपांचं भावाला विचारते, तो गिर्येलाच आहे. रात्री कळवते.